ठकूमावशी आणि माझी चित्रकला

टँकर आला की आमच्या सोसायटीतली सुशिक्षित माणसं एकमेकांच्या बादल्या लाथाडायची. ठकूमावशी मात्र पालथ्या ड्रमवर बसून जुन्या स्वेटरची लोकर टकळीवर पिळत असायच्या. पहिल्या भेटीत मी म्हणालो, "मावशी, नंबर जाईल तुमचा."

"जाऊ द्या. ह्या येड्यायच्या मधी शिरून मपला धागा कामून तोडू?"

मावशी देवगाव रंगारीकडच्या मेंढपाळ घरातल्या. दुष्काळात चारा संपला, मेंढरं गेली, आणि त्या बायपासलगतच्या आमच्या इमारतीत मुलाकडे राहायला आल्या, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. शहराची प्रगती जोरात होती. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, नव्या इमारतीची पाटी मात्र रोज. मावशी गॅलरीच्या गजांना ताण्याचे उभे धागे बांधून बसायची लोकरी बसकरं विणायच्या. त्यांच्या घरी बायकांनी फक्त कातायचं, विणायचं पुरुषांनी. "आता कोन अडीवतंय? अडीवणारे समदे वर गेले," त्या म्हणायच्या.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. म्हणजे पोरांकडून एकतीस वर्षं दोन डोंगर आणि मधला सूर्य काढून घेणारा अधिकारी. त्या अधिकारात मी त्यांना सांगितलं, जांभळ्याशेजारी पोपटी शोभत नाही.

"व्हय? मंग तुमी काढलेलं दाखवा की एखादं."

घरी कपाट उघडलं. प्रमाणपत्रं होती, निरोपाच्या शाली होत्या. माझ्या हातचं एकही चित्र नव्हतं. चार दिवस मी गॅलरीत फिरकलो नाही. राग मावशींचाच आलाय, असं स्वतःला पटवत राहिलो. त्या कलेत मात्र मी तरबेज होतो.

त्याच आठवड्यात सोसायटीनं ज्येष्ठांसाठी 'स्वतःला शोधा' शिबिर ठेवलं. तरुण व्याख्यात्यानं सगळ्यांना डोळे मिटायला लावले. दोघं तर आज्ञेपलीकडे जाऊन घोरूही लागले. मावशींची टकळी चालूच.

"आजी, तुम्हाला नाही शोधायचं स्वतःला?"

"मी हरवले कवा, लेकरा? ह्या मास्तरला शोध. चार दिस झाले, सापडंना."

सगळे हसले. मीही हसलो, तोंड लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्या गॅलरीत बसलो. पहिलाच चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "ही कोन? मपली सासू का?" मग मी चेहऱ्याचा नाद सोडून त्यांचे हात काढू लागलो. दोन उन्हाळे तेच काढत राहिलो. प्रत्येक कागदावर निकाल ठरलेला: "ह्या हातानं भाकर बी थापता येयाची नाय." चांगलं म्हणण्याची चूक त्यांनी एकदाही केली नाही. मी मात्र सकाळ व्हायची वाट पाहू लागलो होतो. नोकरीत असताना हे कधी घडलं नव्हतं.

तिसऱ्या उन्हाळ्याआधी, एका दुपारी, मावशी विणता विणता गेल्या. दहाव्याच्या दिवशी मुलाकडे आईचा फोटो निघेना. होता तो आधार कार्डावरचा, त्यात त्या फरार आरोपी दिसत होत्या. मी भीत भीत माझे कागद नेले. शेजाऱ्यांनी "छान" म्हटलं आणि चहाकडे वळले.

गावाकडून आलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या जावेनं एक कागद डोळ्यांजवळ धरला. चित्रातल्या अंगठ्यावरून हलकंच बोट फिरवलं.

"लई ठणकायचा तिचा ह्यो अंगठा. थंडीत मीच तेल चोळायची." मग म्हणाल्या, "मास्तर, ह्यो कागद मी नेऊ का?"

उभ्या जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं. खाली ऐटीत सही ठोकावी, असा मोह झाला. मावशी काय म्हणाल्या असत्या ते ऐकू आलं, आणि कागद तसाच जाऊबाईंच्या हाती दिला.