होणाऱ्या जावयाच्या आजोबांची चौकशी

कुठल्याही स्थळाची बसल्या जागी चौकशी करून देणारी बाई म्हणून अमेरिकेतल्या चँडलर गावच्या मराठी मंडळींत माझा दबदबा आहे. मुलाची नोकरी, आईचा स्वभाव, मोडलेला साखरपुडा, सगळं बाहेर काढते. त्यामुळे खुद्द माझ्या लेकीने आयरिश आजोबांचा नातू पसंत केल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

मुलगा जेवायला आला. वरणभात हाताने कालवून खाल्ला, मला 'काकू' म्हणाला. मी वाढता वाढता विचारलं, आजोबा कुठले? ते आयर्लंडमध्ये अनाथाश्रमात वाढले आणि एकटेच अमेरिकेत आले, असं त्याने सांगितलं. जन्मगाव ठाऊक होतं, पण आपली आई कोण, हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी त्या गावच्या चर्चमध्ये फोन लावला. फुलांची व्यवस्था बघणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. आजोबांचं नाव सांगून त्यांच्या नातवाशी माझ्या मुलीचं लग्न ठरतंय म्हटल्यावर त्या खुलल्याच. त्यांचे उच्चार मला निम्मे कळत नव्हते, पण हवं ते बरोबर कळलं. आजोबांची आई या बाईंच्याच शेजारी राहायची. लग्नाआधी मूल झालं, बाप कोण ते तिने सांगितलं नाही, म्हणून मूल काढून घेऊन अनाथाश्रमात दिलं. पुढे तो अमेरिकेला गेल्याचं तिच्या कानावर आलं. तेव्हापासून गावातलं कुणी अमेरिकेला निघालं की ती त्याच्या दारात जायची. माझा मुलगा भेटला तर सांगा, मी इथेच आहे, म्हणायची.

यावर मी काय विचारावं? "त्यांच्या घराण्यात वेड होतं का?" हे लिहिताना लाजेने जीव नकोसा होतो. बाईंनी फुलांचं काम पडलंय म्हणून विषय संपवला. मी आभार मानून फोन ठेवला आणि लगेच लेकीला लावला. तिला नीट कळावं म्हणून इंग्रजीतच सांगितलं: पणजोबांचा पत्ता नाही, पणजी वेडसर, लोकांच्या दारोदार फिरायची. अजून वेळ गेलेली नाही, लग्न कॅन्सल कर. अंगात नुसता उत्साह संचारला होता.

"आई," लेक म्हणाली, "आम्ही गाडीत आहोत. यू आर ऑन स्पीकर."

 जावई चिडला असता, फाडकन बोलला असता तर बरं झालं असतं. निदान मला भांडता आलं असतं.

"काकू, तुम्ही तिला शोधलंत?" तो घाईघाईने विचारत होता. "आमच्या घरात कुणालाच जमलं नाही. ती त्यांची वाट बघत होती? काकू, तिचं नाव काय होतं?"

मी बापाचं विचारलं होतं, वेडाचं विचारलं होतं. तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं.