डोम्बेकबाईंचा भागाकार

ओहायोतल्या त्या सरकारी हायस्कुलात कुणी कुठला विषय घ्यायचा, हे मार्लीन डोम्बेकबाई ठरवत. मुलांचं भलं कशात आहे हे त्यांना चांगलं कळे आणि मुख्याध्यापक स्टोल्ट्झ यांची मर्जी कशात आहे, हे त्याहून चांगलं. दोन्हींचं जमेना की बाई कुणीकडे झुकत, ते सांगायला नको.

स्टोल्ट्झना एकच वेड होतं. एक मासिक दरवर्षी उत्तम शाळांची यादी छापायचं. त्याचा हिशेब असा: शाळेतल्या मुलांनी एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या तोडीच्या, जेवढ्या परीक्षा दिल्या, त्या आकड्याला त्या वर्षी डिप्लोमा, म्हणजे शाळा पास झाल्याचा दाखला, घेऊन बाहेर पडलेल्या मुलांच्या संख्येने भागायचं. पास किती, नापास किती, हे कुणी विचारतच नव्हतं. परीक्षेला बूड टेकलं की काम झालं. शहाण्यासुरत्या माणसांनी या खुळचटपणाला उत्तम शाळेचं माप म्हणावं, याची शिसारीच येते. स्टोल्ट्झनी वाचनात कच्च्या मुलांचा तास बंद केला आणि ती शिक्षिका एपी इतिहासाला जुंपली.

कोरिन व्हास्को त्या बंद तासातली. शेवटच्या वर्षाला आली तरी ओळीवर बोट ठेवून वाचायची. गावातला वृद्धाश्रम तिला कामावर घ्यायला तयार होता, फक्त डिप्लोमा दाखवायचा होता. त्यासाठी इतिहासात पास होणं भाग होतं. बाईंनी तिला एपी इतिहासात घातलं.

तिची मावशी शाळेत आली. "मॅडम, पोरीला साधा इतिहास द्या ना. तो ठोकळा तिच्याच्यानं वाचवत नाही."

बाई गोड हसल्या. "अहो, आम्ही कुठल्याच मुलाला कमी लेखत नाही."

हे वाक्य स्टोल्ट्झचं. बाईंनी ते इतकं घोटलं होतं की म्हणताना जीभही अडखळली नाही.

मे महिन्यात व्यायामशाळेत परीक्षा झाली. कोरिनने नाव लिहिलं, थोडा वेळ प्रश्नांकडे बघितलं आणि बाकावर डोकं ठेवून झोपली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर स्टोल्ट्झ डोनट ठेवत होते. तिलाही मिळाला. जूनमध्ये ती इतिहासात नापास झाली, डिप्लोमा हुकला आणि वृद्धाश्रमाने दुसरी मुलगी घेतली.

बाईंना थोडं टोचलं. त्या स्टोल्ट्झकडे जाऊन म्हणाल्या, कोरिन राहिली, वाईट झालं.

स्टोल्ट्झनी कागदावर आकडे मांडले. "भागाकारात तिची परीक्षा वर धरली जाते आणि डिप्लोमा नाही म्हणून खाली तिला मोजतच नाहीत. आपला आकडा चढलाय, मार्लीन."

बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. उन्हाळ्यात पुढच्या वर्षीचे वर्ग लावायला बसल्या, तेव्हा त्यांनी वाचनात कच्ची पोरं आधी शोधून काढली आणि प्रत्येकाला दोन-दोन एपी विषय दिले.