सालीच्या आतलं

आमचा नाना फक्त साल असलेलं खायचा. केळी, भुईमुगाच्या शेंगा, उकडलेली अंडी, हिवाळ्यात संत्री. पोळी-भाजीकडे तो बघतसुद्धा नसे. "सालीच्या आत कोनाचा हात जात नही," असं म्हणायचा, आणि अंडं सोलण्याआधी उन्हात धरून कुठे तडा गेलाय का ते पाहायचा. यावलच्या बाजूला आमची केळीची बाग, म्हणून केळ्यांना तोटा नव्हता. नाहीतर हा माणूस कशावर जगला असता देव जाणे. गावाने त्याचं नाव 'सोलनाना' पाडलं होतं. ज्याने पाडलं त्याचा मला अजून राग येतो.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आई लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता आणि आजी आधीच गेलेली, त्यामुळे तो आईच्याच हाताखाली वाढला. खाण्याच्या बाबतीत नुसता हावरट, आणि भरीत म्हटलं की विचारूच नका. "वहिनी, भरीत असलं तर हाक मार, नसलं तर झोपू दे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला लागली की तो चुलीपासून हलत नसे.

पंचविशी उलटली आणि त्याला आवाज ऐकू येऊ लागले. केळीच्या वाळक्या पानांमागे बसून माणसं आपल्याबद्दल बोलतात, असं तो सांगायचा. आम्ही कान देऊन ऐकायचो, तर नुसती पानं वाजत असायची. मग आपल्या अन्नात कोणीतरी काहीतरी कालवतं, हा संशय आला. हॉटेलातला चहा बंद झाला, शेजारच्यांचा प्रसाद बंद झाला. एका माणसावर मात्र त्याचा विश्वास टिकून होता. "वहिनीच्या हातचं तेवढं चोख," तो म्हणायचा.

जळगावच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं आणि गोळ्या दिल्या. नाना गोळीला हात लावेना. वडील चिडले, नातेवाईक अंगारे देऊन गेले. शेवटी आईने कोणालाही न विचारता गोळी कुटून भरतात कालवली. लसूण-मिरचीच्या ठसक्यात काय कळणार! आणि गुण आला की. नाना झोपू लागला, दाढी करू लागला, वडिलांबरोबर घड उतरवायला उभा राहिला. आई इतकी हरखली की रोज भरीत होऊ लागलं.

एका दुपारी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला. आई खलबत्त्यात गोळी कुटत होती, मी बाजूला अभ्यास करत बसले होते. नाना ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. उंबऱ्यात उभा राहून एवढंच म्हणाला, "वहिनी, म्हंजे मी खोटं बोलत नव्हतो."

त्या दिवसापासून तो बागेतल्या खोलीत राहायला गेला आणि सालीचं खाणं सुरू झालं. आई रोज डबा पाठवायची, संध्याकाळी तो तसाच परत यायचा. औषध सुटलं, तशी पानांमागची माणसं परत आली. कधी कधी तो त्यांच्याशी भांडताना रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

डॉक्टर भला माणूस. आईला म्हणाले, "त्याला आवाज खरोखर ऐकू येतात, त्यावर वाद घालू नका आणि होला होही करू नका. भीती वाटते का, झोप लागली का, एवढं विचारा. पण चोरून औषध देऊ नका. त्याचा संशय तुम्हीच खरा करून दाखवलात." गोळी नको असेल तर इंजेक्शन आहे, म्हणाले, एकदा दिलं की महिनाभर थेंब थेंब झिरपतं, तुमच्या ठिबकसारखं.

आई बागेत गेली. "चुकलं माह्यं, नाना. आता जे देऊ ते तुह्या डोयासमोर," ती म्हणाली. पुढे एकदा तो वडिलांच्या मोटरसायकलवर मागे बसला. दवाखान्यात नर्सने बंद कुपी त्याच्या हातात दिली. त्याने ती अंड्यासारखी उजेडात धरली. "हिले बी साल हाये," म्हणाला, आणि बाही वर केली.

आवाज हळूहळू दबले, अगदी गेले नाहीत. पण जगाने त्याला परत घेतलं नाही. मित्र बांधावरूनच हात करायचे. माझ्या लग्नात तो आपण होऊनच बागेत थांबला. मी धुळ्याला निघताना भेटायला गेले, तेव्हा म्हणाला, "पहिले अठी पानांमागे लोकं बोलायचे, वाईट का होईना. आता नुसते पानं हालतात."

आणि आईच्या हातचं तो अजूनही खात नव्हता. इंजेक्शनने आजार आटोक्यात आला. ती दुपार काही पुसली गेली नाही. आई त्यानेच झुरत होती. मग एका हिवाळ्यात, मी माहेरी असताना, तिने डबा न भरता टोपलीत कच्ची वांगी घेतली, फडक्यात कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी बांधली आणि बागेत जाऊन नानासमोर काड्या पेटवल्या. वांग्याला टोचे मारतात, नाहीतर ते फुटतं. तिने मारले नाहीत. साल अख्खी दिसायला हवी ना! व्हायचं तेच झालं. वांगं फटकन फुटलं, राख आईच्या तोंडावर उडाली, आणि नाना हसला. कितीतरी वर्षांनी तो असा पोटातून हसला. उरलेली वांगी त्याने स्वतः सोलली, स्वतः ठेचली, आधी आईला वाढलं. मग फडक्यातल्या भाकरीकडे बराच वेळ बघत राहिला. तिला साल नव्हती. आई दुसरीकडे बघत बसली. त्याने हात पुढे केला आणि चतकोर तोडून घेतली.

आई गेल्या वर्षी गेली. तेरावं झाल्यावर मी बागेत गेले, तर नाना एकटाच काड्यांवर वांगी भाजत होता. माझ्यासाठी ताट केलं, समोर ठेवलं. आईच्या आठवणीने मला घास उचलवेना. त्याला वाटलं, मी संशयाने थांबले.

त्याने माझ्या ताटातला एक घास आधी स्वतः खाल्ला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "खाय, बाई," तो म्हणाला. "यात काही टाकेल नही."