जमिनीवरचं इंजिन

वडिलांच्या जुन्या गाडीचं इंजिन जाम झालं, तेव्हा कर्जतचा गॅरेजवाला म्हणाला, "दुसरं टाका, नायतर भंगारात द्या." वडील गेल्यावर त्यांची म्हणावी अशी ती गाडीच उरली होती. परकं इंजिन घातल्यावर ती त्यांची तरी राहील का, हे मला ठरवता येईना.

गॅरेजच्या कोपऱ्यात तसलंच एक इंजिन जमिनीवर ठेवलेलं होतं. मी जाई तेव्हा त्याच्या शेजारी टायरवर एक म्हातारा बसलेला असे. येताना तो झेंडूचं फूल आणायचा, इंजिनावर ठेवायचा आणि खांद्यावरच्या पंच्याने तेलाचे ओघळ पुसायचा, लहान मुलाचं नाक पुसावं तसे.

"अपघातातल्या गाडीचं हाय. त्यांचा पोरगा गेला त्यात," गॅरेजवाला हळूच म्हणाला.

मला दाखवायला त्याने बॅटरी जोडून ते तिथेच चालू केलं. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं. मग पहिल्यांदाच माझ्याशी बोलला, "घेऊन जा रं. बसून बसून कंटाळलाय."

मी ते बसवून घेतलं. गाडी झकास चालू लागली.

पुढे एकदा बहिणीकडे कळंबला निघालो होतो. भर दुपारी पोशीरच्या वळणावर गाडी आपसूक हळू झाली आणि कोणी चावी फिरवावी तशी बंद पडली. समोरच्या अंगणात झेंडू फुलला होता. तोच म्हातारा बाहेर आला. त्याचं घर इथे असेल, हे मला ठाऊकही नव्हतं.

माझ्याकडे त्याने बघितलंच नाही. बॉनेटवर तळवा ठेवून म्हणाला, "किती उशीर केलास रं."