गाड्यातली चांगुणा

गोजरबाईला लेक झाली तेव्हा सुईण बाळाकडे पाहतच राहिली. बसकं नाक, तिरके डोळे, अंगात जोर म्हणून नाही. चांगुणा तीन वर्षांची झाली तरी चालेना, बोलेना, आणि कर्जतकडचं ते गाव तिला उघड येडी म्हणू लागलं. तो शब्द कानावर आला की गोजरबाईचं काळीज तुटे. मरीआईवर तिची भारी श्रद्धा. देवीनं हे लेकरू उगाच दिलं नसणार, एवढंच ती धरून बसली.

मग भीमा देवऋषीनं पोरीचा तळहात पाहिला. आडवी एकच सरळ रेघ. ही देवीची खूण, तो म्हणाला. झालं! पोरीला बघून पदर आवरणाऱ्या बाया तिच्या पाया पडायला येऊ लागल्या. शेजारच्या बायडाबाईचं तापानं फणफणलेलं पोर चांगुणानं अंगारा लावल्यावर उठून बसलं, आणि गोजरबाईनं ती गोष्ट विहिरीवर, बाजारात, जिथे तिथे रंगवून सांगितली. का नाही सांगणार? आईच ती. थोडा विश्वास होता, आणि लेकीला मान मिळालेला कुणाला नको असतो?

उशिरा का होईना चालू लागलेली चांगुणा दहा वर्षांची असताना, त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात, पटकी आली. सकाळी बोलतं माणूस संध्याकाळी तिरडीवर. गावानं मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं. देवीला गाड्यात बसवून शिवेवर नेऊन सोडायचं, मागे वळून बघायचं नाही, म्हणजे रोगराई तिच्यासोबत जाते. पुढचं गाव गाडा आणखी पुढे ढकलतं, नाही तर काठ्या घेऊन अडवतं. यंदा लाकडाची मूर्ती नको, भीमानं सांगितलं. देवी गावात चालतीबोलती असताना लाकूड कशाला?

गोजरबाई आप्पासाहेब पाटलांच्या ओसरीवर गेली आणि चारचौघांत म्हणाली, "तिच्यात देवी न्हाई, पाटील. मीच गावभर सांगत फिरले. साधी लेक हाय ती माझी."

पाटील रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बोलली ती बायडाबाई, तीही शांतपणे. "माझं पोर तिनं वाचवलं, गोजरे. आता गावाची पोरं मरत्यात, तर तू देवीला घरात कोंडून ठेवनार?"



दुपारी हिरवं लुगडं नेसवलेली, मळवट भरलेली चांगुणा गाड्यात बसून टाळ्या वाजवत होती. एवढी मजा तिला कधी मिळाली नव्हती. शिवेवर गाडा सोडून माणसं परतली, एकानंही वळून पाहिलं नाही. गोजरबाई गावाची मनाई मोडून मागोमाग येऊन बांधाआड लपली होती. तिनं लेकीला खाली उतरवलं. शिवेवरून देवी परत आणणारीला गाव आत घेणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

समोरून पुढच्या गावचे चौघे काठ्या घेऊन आले. चांगुणा हात पसरून त्यांच्याकडे निघाली. एकानं काठी उगारली.

गोजरबाईनं धावत जाऊन पदरानं लेकीचं कपाळ खसाखसा पुसलं. मनात देवीची क्षमा मागितली, आणि जो शब्द तिनं इतकी वर्षं उंबऱ्याआत येऊ दिला नव्हता, तो स्वतःच्या तोंडानं उच्चारला.

"देवी न्हाई, दादा. येडी हाय माझी पोर. जाऊ द्या."

काठ्या खाली आल्या. एक जण हसला. चांगुणाही त्याच्याकडे बघून हसली आणि त्यांच्यामधून पुढे चालू लागली.