हुतात्म्याची मिशी

फौजीकाका सैन्यात बावीस वर्षं होते आणि तेवढ्या काळात त्यांच्या हातून रक्त सांडलं ते फक्त वस्तरा लागून. पलटणीचे न्हावी होते ते. निवृत्तीनंतर चौकात दोन खुर्च्यांचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक विचारायचं, "युद्धात काय केलंत हो, काका?" काका गंभीर होऊन सांगायचे, "रोज चाळीस डोकी उडवायचो." आतून काकूंचा आवाज यायचा, "आणि चाळीसही संध्याकाळी जेवायला हजर!"

शाळेच्या मैदानात काळा दगड होता, त्यावर लढाईत गेलेल्या अकरा जवानांची नावं. त्यांतले सहा काकांच्याच पलटणीतले. दरवर्षी तिथे सभा व्हायची आणि एक निवृत्त कप्तान भाषण करायचे. त्या वर्षी कप्तानांचं खुब्याचं हाड मोडलं. गावात दुसरा माजी सैनिक नव्हता, म्हणून सभा भरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष, म्हणजे शाळेचे जुने हेडमास्तर, नाक मुठीत धरून दुकानात आले.

"पाच मिनिटं बोला. मी लिहून आणलंय," म्हणत त्यांनी कागद पुढे केला.

काकांनी चष्मा लावला. "सर, हे 'रुधिराभिषेक' माझ्याच्यानं होणार नाही. कवळी आहे."

"सराव करा!"

सभेच्या दिवशी सकाळी हेडमास्तर दाढीला आले. कागद आरशाखालच्या फळीवर होता. काकांनी अर्धी दाढी उतरवली आणि वस्तऱ्यावरचा फेस शांतपणे त्या कागदाला पुसला. मग पुन्हा एकदा. रुधिराभिषेक साबणात विरघळला.

"अहो! ते भाषण!"

"अरेरे! रद्दी समजलो की मी. हलू नका सर, गळ्यावर आलोय."

गळ्याशी वस्तरा असताना माणूस वाद घालत नाही, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

दुपारी मैदान भरलं. दगडाशेजारी अकरा जवानांची रंगवलेली चित्रं मांडली होती, समितीनं दोन वर्षांपूर्वी करून घेतलेली. काका माईकसमोर उभे राहिले. इतक्या जवळून कधी न पाहिलेली ती चित्रं एकेक करून बघू लागले. तिसऱ्यावर नजर अडली.

"हा कोण?" माईक चालू होता.

हेडमास्तरांनी कुजबुजत नाव सांगितलं.

"छे! त्याला मिशी कुठली? वरच्या ओठावर सात केस होते, मी मोजलेत. दर रविवारी यायचा नि म्हणायचा, 'दादा, दोनदा फिरव, म्हणजे दाट येईल.' दोन वर्षं फिरवला. सातचे आठ झाले नाहीत!"

हेडमास्तरांनी काकांची बाही ओढली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून कुणीतरी फसकन हसलं. ती त्या जवानाची धाकटी बहीण. गावातले निम्मे कपडे तिनंच शिवलेले. दरवर्षी मान खाली घालून बसायची आणि तशीच उठून जायची.

"आठच होते!" ती ओरडली. "एक डावीकडे, लांब. त्याला तो तेल लावायचा!"

मग मात्र सगळं मैदान हसलं. काकांना जोर चढला. एक जण कवायत चुकवायला उवा झाल्याचं सोंग करायचा, एक खुर्चीत बसताच घोरायचा, सगळं बाहेर आलं. पाचाची पंचवीस मिनिटं झाली.

"मिशीवाला शेवटचा आला तो आघाडीवर निघायच्या आदल्या दिवशी," काका म्हणाले. "म्हटलं, बस. तर म्हणाला, 'आज राहू दे दादा, आल्यावर बघू.'" काका थांबले. खिसे चाचपले, रुमाल सापडला नाही. "बरं म्हटलं मी," एवढं बोलून खाली उतरले.

हेडमास्तर लालबुंद झाले होते. "हुतात्म्याची थट्टा केलीत तुम्ही!"

बहीण मध्ये आली. "सर, दोन वर्षं मी त्या मिशीवाल्यासमोर फुलं ठेवतेय आणि मनात म्हणतेय, कोण बाबा तू? कुणी रंगवायला सांगितली ती मिशी?"

हेडमास्तरांनी घसा साफ केला. "मिशीशिवाय तो जरा... पोरगेलासा दिसत होता."

"पोरगाच होता तो," ती म्हणाली.

आठवड्याभरात पेंटरनं मिशी खोडली. ओठावर जरा फिकट पट्टा राहिला, त्याला इलाज नव्हता.

पुढच्या सोमवारी एक थकलेले गृहस्थ दुकानात आले. दगडावरच्या शेवटच्या नावाचे थोरले भाऊ. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आमच्या धाकट्याचं काही आठवतं का हो तुम्हाला?"

काकांनी त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, ब्रश पाण्यात बुडवला. "मानेवर गुदगुल्या व्हायच्या का हो त्याला?"

"फार!" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"मग तोच. खुर्चीत टिकायचाच नाही बघा."

तासाभरानं गृहस्थ हसत बाहेर पडले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, तो तर दुसऱ्या पलटणीतला ना? तुम्ही कधी पाहिलं होतं त्याला?"

"हळू बोल," काका म्हणाले, "अजून कोपऱ्यापर्यंतच गेलेत ते."