कार्ड माझं आहे

"कार्ड दे," शेठ म्हणाले.

"देणार नाय."

"कॅमेरा कोणाचा?"

"तुमचा."

"मग कार्ड?"

"कार्ड माझं. माझ्या पगारातून घेतलंय."

रोह्यातल्या स्टुडिओच्या काउंटरवर हे चाललं होतं. बाकावर धाटावच्या कंपनीतले कामगार गेटपासच्या फोटोसाठी बसले होते. शिफ्ट सुटली की ते येतात, आरशात बघून कॉलर सारखी करतात आणि फोटो काढताना उगाच श्वास रोखून धरतात. त्या दिवशी मात्र सगळ्यांचे कान आमच्याकडे होते. शेठना चारचौघांत नकार ऐकायची सवय नव्हती. मलाही द्यायची नव्हती, पण त्या दिवशी तोंडातून निघाला आणि मागे घ्यावासा वाटला नाही.

कारण असं होतं. नदीपलीकडच्या अष्टमी गावात रुकय्याभाभींच्या समीनाचं लग्न झालं होतं. त्यांच्या घरात बायकांचा कार्यक्रम बायकांतच होतो, तिथे पुरुष फोटोग्राफर चालत नाही. आमच्या स्टुडिओत कॅमेरा धरणारी बाई मी एकटीच, म्हणून काम माझ्याकडे आलं. भाभींनी मला आधीच बजावलं होतं, "वैशाली, फोटो तू काढ, आन कॉम्प्युटरवर पन तूच टाक. परक्या पुरुषाच्या नजरेस पडता कामा नाय गो." मी म्हटलं, "व्हय भाभी, माझा शब्द."

समीनाचे अब्बा कुवेतला. त्यांना लग्नाला सुट्टी मिळाली नव्हती. जावईही तिकडेच कामाला, तो आठवड्यानं निघणार होता. त्याच्याबरोबर पेन ड्राइव्ह जाणार आणि अब्बा लेकीला नवरीच्या जोड्यात, म्हणजे लग्नाच्या पोशाखात, पहिल्यांदा बघणार, असं ठरलं होतं. फोनवर पाठवायला भाभी तयार नव्हत्या. फोनवरचा फोटो एकदा सुटला की कुठे कुठे फिरतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेठचा बेत निराळा होता. "नवरीचा एक क्लोजअप शोकेसमध्ये लावू. सीझनला गिऱ्हाईक येईल. त्यांना कुठं कळतंय?"

कळेल न कळेल, शब्द मी दिला होता.

"मग कॅमेरा ठेव आणि घरी बस," शेठ म्हणाले.

मी कॅमेऱ्याची झाकणी उघडली, कार्ड काढून पर्समध्ये टाकलं आणि कॅमेरा काउंटरवर ठेवला. हलक्या हातानंच ठेवला. राग शेठवर होता, कॅमेऱ्यानं माझं काय वाकडं केलं होतं?

पुलापर्यंत गेले आणि थांबले. नोकरी गेली त्याचं नंतर बघू, पण कार्डातले फोटो बाहेर काढायचे कसे? खरं सांगते, मला येत नव्हतं; शब्द देताना ते सुचलंच नव्हतं. आमच्या स्टुडिओची पद्धतच तशी होती. फोटोग्राफरनं कार्ड काउंटरवर द्यायचं. आतला ऑपरेटर ते कॉम्प्युटरला लावायचा, फोटो उतरवून घ्यायचा आणि "फॉरमॅट!" असं ओरडून रिकामं कार्ड परत सरकवायचा. ती आरोळी आली की आम्ही समजायचो, काम झालं, आता चहा. आतल्या खुर्चीवर मला कुणी बसू दिलं नव्हतं. शेठ म्हणायचे, "बाई, तू ऑटोवर ठेव आणि बटण दाब." ऑटो म्हणजे सगळं कॅमेराच ठरवतो. मीही इतकी वर्षं तेच केलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पेण गाठलं. माझी मावसबहीण रंजूताई तिथे गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. परगावच्या गिऱ्हाइकांना दाखवायला मूर्तींचे फोटोही तीच काढते आणि कॉम्प्युटरवर घेते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस. बस."

कॉम्प्युटर कारखान्याच्या कोपऱ्यात होता, त्याच्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. रंजूताईनं कार्ड रीडरमध्ये घातलं. रीडर म्हणजे कार्ड घालायची छोटी डबी, तिची वायर कॉम्प्युटरला लावायची. पडद्यावर इंग्रजीत चौकट आली. मला त्यातला फॉरमॅट एवढाच शब्द ओळखीचा वाटला. हायसं वाटलं. चला, काम झालं! मी माऊस धरून 'यस'वर नेला.

रंजूताईनं माझ्या हातावर फटका मारला.

"काय करतेस गो? फॉरमॅट म्हंजे कार्ड पुसून टाकनं! काढायच्या आधीच पुसतेस?"

मी माऊस सोडून दिला. आरोळी रोज ऐकली होती, पण तिच्या आधी ऑपरेटर काय करतो ते कधी पाहिलंच नव्हतं.

"मग हा विचारतोय कशाला?" मी म्हटलं.

"त्याला कार्ड वाचता येत नाय, म्हनून. इथली भुकटी, दुसरं काय." तिनं 'नो' दाबलं, कार्ड काढलं आणि आखणीचा मऊ, कोरडा ब्रश घेऊन रीडरच्या फटीतून फिरवला. कार्डाच्या पितळी पट्ट्याही हलकेच पुसल्या. परत घातलं. फोल्डर उघडलं आणि त्यात समीना दिसली.

रंजूताईनं आधी पडदा भिंतीकडे वळवला. मूर्ती झाकायचं प्लास्टिक दोरीवरून सोडलं. कारखान्याचे मालक, काका, बाहेरून म्हणाले, "काय गो चाललंय?"

"बायकांचं काम हाय, काका."

"बरं," काका म्हणाले, आणि कारागिरांना घेऊन चहाला गेले. एवढं सोपं होतं ते. शेठना का जमलं नसतं?

मग तिनं मला बसवून शिकवलं. सगळे फोटो निवडायचे आणि कॉपी करायचे. कट नाही. कट म्हणजे इकडून उचलून तिकडे ठेवणं, मधेच लाइट गेली तर घोटाळा. दोन्हीकडचा आकडा जुळतो का बघायचं, चार फोटो उघडून बघायचे. कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर घ्यायचे, आणि शेवटी परक्याच्या कॉम्प्युटरवरून पुसायचे. हे सगळं मी माझ्या हातानं केलं.

पण पुसायच्या आधी फोटो मोठे करून बघितले आणि जीव खट्टू झाला. खोलीत उजेड कमी होता. फ्लॅश मारला तिथे जरीकाम पांढरंफटक, चेहरे पिठात बुडवल्यासारखे. फ्लॅश बंद केला तिथे मेंदीचे हात हललेले. सुरेख आले होते ते फक्त दाराजवळचे. त्यांतला एक रुखसतीचा, म्हणजे पाठवणीचा, समीना आईच्या गळ्यात. तो पुन्हा कुठून मिळणार होता?

"ऑटोवर काढलेस ना?" रंजूताईनं ओळखलंच. तिनं कारखान्याचा जुना कॅमेरा माझ्या हातात दिला आणि एका मूर्तीसमोर उभं केलं. लेन्सचं भोक म्हणजे अपर्चर, मोठं केलं तर उजेड जास्त. ते किती वेळ उघडं ठेवायचं ते शटर, फार वेळ ठेवलं तर हललेलं दिसतं. आयएसओ वाढवला की अंधारातही निघतो, पण फोटोवर रव्यासारखे दाणे येतात. "आन उजेड बाजूनं घे. समोरून घेतलास तर गनपतीपन चपटा दिसतो." दिवसभर मी त्या एका मूर्तीचे फोटो काढत राहिले. चुकत होते, चिडत होते, परत काढत होते.

रंजूताईकडून तो कॅमेरा मागून घेतला आणि अष्टमीला गेले. भाभींना सरळ सांगितलं, "बरेच फोटो बिघडलेत. समीनाला सासरहून बोलवा, परत जोडा घालू दे. उद्या सकाळी, खिडकीजवळ."

भाभींनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, "घालंल. मेंदी हाय अजून."

खिडकीतून बाजूनं उजेड येत होता. कॅमेरा ऑटोवर नव्हता. समीनाच्या हातावरची नक्षी रेघन्‌रेघ उतरली. पेन ड्राइव्ह मी भाभींच्या हातात दिला आणि जावई तो घेऊन गेला.

पुढे एक दिवस भाभींनी बोलावून फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे समीनाचे अब्बा होते. "पोरी," ते म्हणाले, "त्या दारातल्या फोटोत मी पन उभा हाय, असं वाटतंय."  

शेठनीही फोन केला. अष्टमीतल्या आणखी घरांनी माझं नाव घेतलं होतं. "ये परत. पगार वाढवतो. फक्त शोकेससाठी त्या नवरीचा एकच फोटो..."

"नाय," म्हटलं आणि फोन ठेवला.

आता वरसे गावात, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत माझं काम चालतं. कॅमेरा जुना आहे, पण माझा. आतली खुर्चीही माझीच. शिकायला मुली येतात, त्यांना पहिल्याच दिवशी सांगते. आधी कॉपी करा, दोन ठिकाणी ठेवा, मगच कार्ड रिकामं करा. आणि विचारणारं मशीन असो की शेठ, प्रश्न नीट समजल्याशिवाय 'यस' दाबू नका.